नील बेटावरचा एक दिवस
(संस्थेच्या कोजागिरी कार्यक्रमात ज्येष्ठ सभासदांच्या 'माझा प्रवास' या सत्रात दिलेले भाषण. बोलताना सुटलेले दोन-चार मुद्दे लिहिताना घातले आहेत.)



दूध आटायला अजून अर्धा तास आहे असं स्वयंपाकाच्या समितीकडून कळलं आहे. तेवढाच वेळ मला दिला आहे. बँकेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस वेळ पाळतो, त्यामुळे काळजी करू नका.

मी बोलणार आहे अंदमानातल्या एका लहानशा बेटाबद्दल. त्याचं तेव्हाचं नाव नील बेट. ३० डिसेंबर २०१८ ला त्याचं नाव शहीद द्वीप झालं, शेजारच्या हॅवलॉकचं स्वराज द्वीप, आणि रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. पोर्ट ब्लेअरचंही २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. पण आम्ही गेलो जानेवारी २०१२ मध्ये, म्हणून मी जुनीच नावं वापरतो.

निवृत्तीचे पैसे हातात आले होते. सौ. म्हणाली, सेल्युलर जेल बघायचं. मुलगा म्हणाला विमानाने जाऊ. मी म्हटलं, सावरकरांना १९११ साली मद्रासहून 'महाराजा' बोटीने नेलं, तर आपणही निदान जाताना समुद्रानेच जाऊ. मी, सौ., मुलगा, सूनबाई, नातू आणि नात असे सहा जण बल्लारशाहून रेल्वेने चेन्नईला आणि तिथून जहाजाने निघालो. पोर्ट ब्लेअर साधारण बाराशे किलोमीटर. तीन दिवस चारी बाजूंनी फक्त पाणी. आपण जंगलातली माणसं. आपल्याला समोर एखादं झाड, निदान कोळशाचा एखादा ढिगारा तरी दिसायची सवय. पहिल्या दिवशी सूनबाईला बोट लागली, दुसऱ्या दिवशी मला. सौ. मात्र ठणठणीत. ती डेकवर बसून मला विचारत होती, "काहो, हे पाणी असंच हलत राहते का?"

सेल्युलर जेलबद्दल मी आज बोलत नाही. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि आपल्यापैकी बरेच जण जाऊन आले आहेत. मला सांगायचं आहे ते त्यानंतरच्या एका दिवसाचं.

अंदमान-निकोबारमध्ये पाचशेहून अधिक बेटं आहेत. माणसांची वस्ती असलेली चाळीसच्या आतच. नील हे त्यातलं लहान बेट, वस्ती तीन हजारांच्या आसपास. पोर्ट ब्लेअरच्या फिनिक्स बे धक्क्यावरून सकाळी साडेसहाला सरकारी बोट निघाली. तिथे सूर्य आपल्यापेक्षा तासभर आधी उगवतो आणि तासभर आधीच मावळतो, घड्याळ मात्र आपलंच. त्यामुळे साडेसहाला चांगलं ऊन होतं. दोन तासांत नील दिसलं. आधी हिरवी रेघ, मग पांढरी वाळू, मग एक लांब धक्का. धक्क्यावरून खाली पाहिलं तर पाण्याचा तळ दिसत होता. नातू ओरडला, "आजोबा, मासे! निळे मासे!" आपल्याकडे इरई नदीत खाली पाहिलं तर काय दिसतं, ते मी सांगायला नको.

त्या बेटावरच्या गावांची नावं ऐकून मोठी गंमत वाटते. भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर. सगळं रामायण. बंगालचा उपसागर, इंग्रज अधिकाऱ्याचं नाव मिळालेलं बेट, आणि गावं रामायणातली. ही नावं कोणी दिली असतील, हा प्रश्न तेव्हाच डोक्यात आला.

भरतपूरचा किनारा धक्क्याला लागूनच आहे. तिथे तळाला काच बसवलेल्या होडीतून प्रवाळ दाखवतात. होडीवाला तिशीतला मुलगा होता. त्याने नातवंडांना समजावून सांगितलं की प्रवाळ म्हणजे दगड नाही. लाखो बारीक जीव मिळून ते घर बांधतात आणि त्यात राहतात. पाणी फार तापलं की ते जीव पांढरे पडतात. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे २०१० च्या उन्हाळ्यात, असंच झालं होतं आणि पुष्कळ प्रवाळ पांढरं पडलं, हेही त्याने दाखवलं. खाली काही ठिकाणी खरोखर हाडांसारखे पांढरे ढीग होते. मध्येच एखादा जांभळा, पिवळा तुकडा पुन्हा धरू लागलेला. नातीने वाळूतून प्रवाळाचा एक तुकडा उचलला होता. त्या मुलाने हसत हसत तो परत ठेवायला लावला. वन्यजीव कायद्यात प्रवाळाला वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. ताडोब्याच्या लोकांना हे जास्त सांगायची गरज नाही. नातीला म्हटलं, हे इथलं ताडोबा आहे, इथून काही न्यायचं नसते.

दहा वाजता आम्ही बाजाराकडे चालत निघालो. नील केंद्र हे तिथलं मुख्य गाव. वाटेत नारळ, सुपारी, केळी, आणि मधल्या सपाट जमिनीत भाजीचे वाफे. वांगी, भोपळा, काकडी, मिरची, पालेभाजी. पोर्ट ब्लेअरच्या बाजारात येणारी भाजी बरीचशी इथूनच जाते, म्हणून याला अंदमानचं भाजीचं कोठार म्हणतात. पाऊस आपल्या दुपटीहून जास्त, पण पाणी समुद्रात वाहून जातं. त्यामुळे फेब्रुवारीपासून विहिरी आटायला लागतात. घरोघरी छोटं तळं खोदलेलं, त्यात मासे सोडलेले, काठावर केळी. हे पाहून मी थांबलो. सौ.ला म्हटलं, "हे मी पाहिलेलं आहे." ती म्हणाली, "तुम्ही तर पहिल्यांदाच आले नं इथं?"

मी पाहिलं होतं ते आपल्याच जिल्ह्यात.

मित्रहो, १९८४ ते ८७ या काळात माझी बदली चामोर्शी तालुक्यातल्या एका शाखेत होती. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती. चामोर्शी आणि आताच्या मुलचेरा तालुक्यात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची बरीच गावं आहेत. सुंदरनगर, विवेकानंदपूर ही नावं तुम्ही एसटीच्या पाटीवर वाचली असतील. मी त्यांना पीक कर्ज द्यायचो. घराशेजारी तळं, तळ्यात रोहू-कतला, काठावर केळी, अंगणात भाजी, शेतात धान. वसुलीला गेलो की आधी मुरमुरे आणि चहा, मग पैसे. त्या तीन वर्षांत मोडकंतोडकं बंगाली बोलायला मी शिकलो.

तर त्या दिवशी दुपारी आम्ही बाजारातल्या एका साध्या खानावळीत जेवायला बसलो. भात, वरण, माशाचं कालवण, तळलेली वांगी. मालक पन्नाशीच्या आतला. कोपऱ्यात त्याची आई बसली होती, पांढरं पातळ, हातात अडकित्ता. मी माझं बंगाली काढलं, "केमोन आछेन, मा?" म्हातारी चमकली. "कुठले तुम्ही?" म्हणाली. मी सांगितलं, महाराष्ट्र, चंद्रपूर. तिला कळलं नाही. मग मी जुनं नाव सांगितलं, चांदा. तिच्या हातातला अडकित्ता थांबला.

"चांदा? माझा भाऊ चांद्याला आहे."

पुढचा दीड तास आम्ही तिथून हललो नाही. तिने जे सांगितलं ते थोडक्यात सांगतो.

पूर्व पाकिस्तानातून त्यांची दोन कुटुंबं सीमा ओलांडून आली. कलकत्त्याजवळच्या छावणीत काही वर्षं गेली. मग सरकारी माणूस आला आणि नावं लिहायला लागला. अंदमानला जाणारे इकडे, दंडकारण्यात जाणारे तिकडे. अंदमानला जायला लोक घाबरत. काळं पाणी म्हणजे परत येणं नाही, असा समज. फाळणीनंतर १९४९ पासून निर्वासितांना जहाजाने अंदमानात नेणं सुरू झालं होतं, आणि तेव्हाही कलकत्त्यात त्याला विरोध करणारे मोर्चे निघत. तिच्या सासऱ्यांनी अंगठा दिला अंदमानवर, भावाने दिला दुसऱ्या यादीवर. ती म्हणाली, "आम्ही जहाजात बसलो, भाऊ रेल्वेत."

तेव्हा ती सतरा-अठरा वर्षांची, कडेवर सहा महिन्यांचं मूल. हा मालक नव्हे, त्याच्या आधीचं. ते मूल पहिल्याच पावसाळ्यात तापाने गेलं. एवढंच तिने सांगितलं आणि पुढे गेली. नीलला तेव्हा धक्का नव्हता. जहाजातून लहान बोटीत, बोटीतून कमरेएवढ्या पाण्यात उतरून किनाऱ्यावर. किनाऱ्यापासूनच जंगल. छपराची एक लांब झोपडी, त्यात सगळी कुटुंबं. पहिलं पीक येईपर्यंत सरकारी शिधा. जंगल तोडायला रांचीकडचे मजूर होते. जमीन मिळाली पाच एकर. पहिल्या वर्षी धान डुकरांनी खाल्लं. दुसऱ्या वर्षी खायला पुरलं. तिसऱ्या वर्षी तिच्या सासऱ्यांनी एक पोतं वांगी बोटीतून पोर्ट ब्लेअरला नेली आणि विकून आले. त्या दिवसापासून, म्हणाली, आम्ही इथले झालो.

मी विचारलं, गावांना रामायणातली नावं का? ती हसली. "रामही वनवासातच होता ना!"

भाऊ आधी रायपूरजवळच्या माना छावणीत गेला, तिथून चांद्याला. पत्रं यायची. वडील गेल्यावर भावाची पत्रं कमी झाली, आणि गेली दहा-बारा वर्षं बंदच होती. मी गावाचं नाव विचारलं. तिने सांगितलं ते मुलचेरा तालुक्यातलं गाव माझ्या शाखेच्या कार्यक्षेत्रातलं. त्या गावात मी मोटारसायकलने गेलो होतो, अनेकदा.

मी बँकेत होतो हे कळल्यावर तिने भावाची तब्येत, मुलंबाळं काही विचारलं नाही. तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, "जमीन त्याच्या नावावर झाली का?"

सभासदहो, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. २००० साली आपली संस्था नोंदली गेली तेव्हा आपण सगळे हाच प्रश्न घेऊन तहसील आणि उपनिबंधकांच्या कार्यालयात हेलपाटे घालत होतो. ले-आऊट मंजूर आहे का, जमीन अकृषक झाली का, सातबाऱ्यावर नाव चढलं का. कोणी पेपर मिलचे, कोणी वेकोलिचे, कोणी ऊर्जानगरचे, कोणी शिक्षक. बहुतेकांची मूळ गावं दुसरीकडे. पण नावावर कागद झाला त्या दिवशी आपण पेढे वाटले. कागद नसलेलं घर म्हणजे मुक्काम असतो, हे तेव्हा आपल्याला कळलं होतं.

मी म्हातारीला खरं तेच सांगितलं. सातबाऱ्यावर नाव असतं, पण सरकारने दिलेली जमीन म्हणून शेरा असतो 'भोगवटादार वर्ग २'. म्हणजे कसायची, खायची, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकायची नाही. गहाण ठेवून मोठं कर्ज काढायचं तर अडचण. शाखेत बसून अशी प्रकरणं मी स्वतः हाताळली आहेत. पैसे बुडवणारे ते लोक नव्हते, पण कागद अर्धा असला की बँकेचा हात आखडतो. दुसरी गोष्ट जातीच्या दाखल्याची. त्यांच्यातले बरेचसे नमःशूद्र समाजाचे. पश्चिम बंगालमध्ये हा समाज अनुसूचित जातीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. रेल्वेचा रूळ बदलला आणि मुलांच्या फीची सवलत गेली. तो प्रश्न वर्षानुवर्षं निवेदनांमध्ये फिरतो आहे.

आणि एक तिसरं बेटही या कहाणीत आहे. १९७८ मध्ये दंडकारण्यातल्या छावण्यांतून हजारो माणसं सगळं विकून सुंदरबनातल्या मरिचझांपी नावाच्या बेटावर गेली. त्यांना आपली माती, आपली नदी हवी होती. १९७९ मध्ये तिथल्या सरकारने बेटाची कोंडी केली आणि त्यांना बळाने हुसकावून लावलं. माणसं मेली. उरलेली पुन्हा रेल्वेने परत आली. म्हातारीला ते माहीत होतं. भाऊ जातो म्हणत होता, बायकोने अडवलं, असं एका पत्रात होतं.

इथे आणखी एक बाजू सांगायला हवी, नाहीतर माझं बोलणं एकांगी होईल. निर्वासितांना दिलेलं जंगल रिकामं नव्हतं. अंदमानात जारवा आणि इतर आदिवासी हजारो वर्षांपासून राहत होते आणि वस्त्या, रस्ते वाढले तसे ते आक्रसत गेले. आपल्याकडे गोंड, माडिया बांधवांचं तेच. ज्या जंगलावर त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा वावर, त्यातला तुकडा सरकारने कापून दुसऱ्या दुःखी माणसाला दिला. आणि नीलचं जंगल तोडणारे ते रांचीचे मजूर, तेही छोटा नागपूरचे उरांव, मुंडा. त्यांची नातवंडं अंदमानातच आहेत आणि त्यांनाही तिथे आदिवासी म्हणून दाखला मिळत नाही. म्हणजे जंगल ज्याचं त्याला विचारलं नाही, तोडलं त्याला मोजलं नाही, आणि वसवलं त्याला कागद अर्धा दिला. यात वसणाऱ्याचा दोष मला तरी दिसत नाही.

जेवणाचे पैसे मालक घेईना. शेवटी सौ.ने त्याच्या मुलीच्या हातात ठेवले. म्हातारीने एका फडक्यात वीस-पंचवीस सुपाऱ्या बांधून दिल्या. "आमच्या झाडाच्या आहेत. भावाला द्या."

दुपारी ओहोटी लागली तसे आम्ही लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर गेलो. तिथे समुद्राने खडक कोरून एक मोठी कमान केली आहे. ओहोटीलाच तिथवर चालत जाता येतं. सरकारी पाटीवर 'नैसर्गिक पूल' लिहिलेलं, पण गावातले लोक त्याला म्हणतात हावडा पूल. खडकांच्या खळग्यांत पाणी अडकलेलं, त्यात खेकडे, तारामासे आणि काळे, वळकटीसारखे समुद्रकाकडी नावाचे जीव. पोट्टे तिथून निघायलाच तयार नव्हते. मी एका खडकावर बसून त्या कमानीकडे पाहत होतो. हावडा पुलावरून उतरून जहाजात बसलेल्या माणसांनी इथे आल्यावर या दगडाला काय नाव द्यावं, याचं मला मग नवल वाटलं नाही. चारच्या सुमारास आम्ही परतीची बोट धरली. सव्वापाचला सूर्य पाण्यात गेला.

सुपारीचं पुढे काय झालं, ते सांगून संपवतो.

मार्च महिन्यात मी आणि सौ. एसटीने मुलचेऱ्याकडे गेलो. गाव बदललं होतं, डांबरी रस्ता, पक्की घरं, मोबाईलचा मनोरा. भाऊ सापडला. सत्तरी ओलांडलेला, कानाने कमी, पण मला ओळखलं, "बँकेचे साहेब!" मी फडकं हातात दिलं आणि कोणाकडून ते सांगितलं. त्याने एक सुपारी उचलून वास घेतला. बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "तिथं विहिरीचं पाणी गोडं आहे का?" मी म्हटलं, गोडं आहे, पण उन्हाळ्यात कमी पडते. म्हणाला, "इथंही तसंच."

खानावळीच्या मालकाचा मोबाईल नंबर मी लिहून आणला होता. भावाच्या नातवाने तो लावला. बहीण-भाऊ पंचेचाळीस वर्षांनी एकमेकांशी बोलत होते. ऐकू येत नव्हतं म्हणून तो ओरडून बोलत होता आणि अर्धं गाव अंगणात गोळा झालं होतं. फोन ठेवताना त्याने जमिनीचं काही सांगितलं नाही. मुलं शिकली, एवढंच सांगितलं. मी आणि सौ. ओसरीवर मुरमुरे खात बसलो होतो.

आता मुद्द्यावर येतो. अंदमानातल्या त्या माणसांना तिथे 'सेटलर' म्हणतात, वसलेले. आपल्या चंद्रपुरात मात्र आजही एका वस्तीचं नाव आहे बंगाली कॅम्प. चौकाचं नाव तेच, ऑटोवाला ओरडतो तेच. कॅम्प म्हणजे छावणी. छावणीत माणूस चार दिवस राहतो. तिथे चौथी पिढी शाळेत जाते आहे आणि पत्ता अजून कॅम्पच. नाव बदला असं मी म्हणत नाही, ते तिथल्या लोकांनी ठरवावं. पण रोज आपण त्या चौकातून जातो, मासे आणि भाजी घेतो, आणि ही माणसं कुठून, कशी आली हे आपल्याला ठाऊक नसतं. ते कळायला मला बाराशे किलोमीटर समुद्र ओलांडावा लागला, हे काही बरोबर नाही.

रौप्यमहोत्सवी वर्षात कार्यकारिणीने सहलीसाठी सूचना मागवल्या आहेत. माझी लेखी सूचना अशी की एक सहल चामोर्शी-मुलचेरा भागात काढावी. सकाळी मार्कंड्याचं दर्शन, वैनगंगेत पाय धुवायचे, दुपारी एखाद्या बंगाली गावात माशाचं जेवण, शाकाहाऱ्यांना वांगी आहेतच, आणि येताना एखाद्या माडिया गावात थांबून त्यांचंही ऐकून घ्यायचं. बस एका दिवसात जाऊन येते. खर्चाचा अंदाज मी कोषाध्यक्षांकडे दिला आहे.

ज्यांना अंदमानला जायचं आहे त्यांनी जानेवारी-फेब्रुवारीत जावं, समुद्र शांत असतो. जाताना एकदा तरी जहाजाने जा. बोट लागण्याची गोळी बरोबर ठेवा, आणि किनाऱ्यावरून काही उचलून आणू नका. नीलला गेलात तर बाजारात जेवा, घाई करू नका, आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला. त्यातला एखादा चांद्याचा नातेवाईक निघू शकतो.

दुधाचा वास यायला लागला आहे, तेव्हा थांबतो. संस्थेला पुढच्या पंचवीस वर्षांसाठी शुभेच्छा.